दर्या अपडेट करताना

पनवेलमध्ये एसटी स्टँडपासून बाजारापर्यंत कोणालाही विचारा, फोन अपडेट करायचा की नाही हे मी सांगितल्याशिवाय माणसं बटणाला बोट लावत नाहीत. माझ्या स्वतःच्या फोनला बोट लावायची परवानगी मात्र मला नाय, तो बायको अपडेट करते.

त्याचं कारण आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला माझ्याबद्दल उगाच आदर वाटायला नको. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, तेही मास्तर आमच्याच गल्लीतून जायचे आणि जाताना मला उचलून न्यायचे म्हणून. मला इंग्रजी वाचता येत नाय. पण मी इंग्रजी ओळखतो. जसं लांबून चालीवरून माणूस ओळखतो तसं. 'ओके' म्हणजे आखूड आणि गोल, 'कॅन्सल' म्हणजे लांब. लांब डावीकडे उभा, आखूड उजवीकडे. ह्या एवढ्या विद्येवर मी किती वर्षं दुकान चालवलं. मग एका अपडेटने दोघांच्या जागा बदलल्या. मी सवयीने उजवीकडे बोट ठेवलं आणि माझा फोन असा कोरा झाला की जणू आत्ताच डब्यातून काढलाय. त्यात माझ्या मेहुण्याच्या लग्नाचे सगळे फोटो होते. ते लग्न झालं होतं ह्याला आता साक्षीदार फक्त भटजी. तेव्हापासून आमच्या घरात नियम झाला: लोकांच्या फोनचं मी बघायचं, माझ्या फोनचं वनिता बघणार. वनिता म्हणजे बायको. दहावी पास. हे सुद्धा मी बोलतोय आणि ती लिहितेय, तेव्हा मध्येच काही चांगलं वाक्य आलं तर ते तिचं समजा.

धंदा काय आहे ते सांगतो. लोकांना वाटतं मोबाईल रिपेर करणारा म्हणजे काच बदलणारा. काच तर कोणीही बदलतो. खरं काम प्रश्नाचं आहे. फोनवर एक दिवस पाटी येते, नवीन अपडेट आलंय, करू का? माणूस घाबरतो. 'नंतर' दाबतो. दुसऱ्या दिवशी परत पाटी. परत 'नंतर'. असं करता करता तो एक दिवस माझ्या काउंटरवर येतो आणि देवीला कौल लावावा तसा फोन समोर ठेवतो. "सांग, करू की नको?"

अपडेट म्हणजे काय, ते मी सगळ्यांना आपल्या एसटी स्टँडवरून समजावतो. समजा रात्रीत कोणी स्टँड नवा केला. फलाट पुसले, दिवे लावले, पाकीटमारांना हाकललं. चांगलंच झालं. पण उरणची गाडी आता वेगळ्या फलाटाला लागते, आणि तुमचा नेहमीचा शेंगदाणेवाला गायब. गाड्या त्याच, गाव तेच, पण पहिले चार दिवस तुम्ही वेड्यासारखे फिरता. आणि एखादी जुनी गाडी, जिची पाटीसुद्धा मिटलीय, तिला नव्या स्टँडात घेतच नाहीत. ती कायमची बंद. करायचं अपडेट, पाकीटमारांसाठी तरी करायलाच पाहिजे, मी शंभरातल्या नव्वद जणांना "कर" असंच सांगतो. पण आधी विचारायचं, तुझी अशी कुठली जुनी गाडी आहे का, जिच्यात तुझं माणूस बसलंय?

आणि माझा एक नियम. नव्या अपडेटला पहिले काही दिवस बोट लावायचं नाय. आधी मुंबईवाल्यांचे फोन बिघडू द्यायचे.

मला गिऱ्हाईकं भेटली ती सगळी नगच. रोडपालीचे एक शेठ आहेत, जमिनीवर इमारती उठल्या, आता दर अपडेटला गाडीतून उतरून येतात. "काय नवीन आलं रे?" मी बोलतो, "शेठ, बॅटरी लवकर संपते." शेठ खूश. काहीतरी नवीन आलं ना, बस. मोहल्ल्यातल्या एक भाभी आल्या, फोन माझ्या कानाला लावला. "सुनो. यह हमारे वाले की आवाज़ नहीं है." अपडेटनंतर त्यांच्या फोनमधली अजान दुसऱ्याच कोणीतरी द्यायला लागला होता. मी अर्धा दिवस त्यांचा जुना अजानवाला शोधत बसलो. सापडला तेव्हा भाभी डोळे मिटून ऐकत राहिल्या आणि मग बोलल्या, "हाँ. यह गला साफ करता है पहले." तेव्हापासून मी जुन्या गाडीचा प्रश्न सगळ्यांना विचारतो. आधी नव्हतो विचारत.

पण खरी गोष्ट तांडेलकाकांची. नाव सांगत नाय, होडीच्या म्होरक्याला तांडेल बोलतात, तेवढं पुरे. उरणजवळच्या करंज्याचे. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली, होड्या रंगवून तयार, आणि काका आपल्या सुनेबरोबर दुकानात आले. फोन काकांच्या हातात, बोलत होती सून. सुनीता तिचं नाव, बाजारात मासळी विकते, आवाज बाजारात कमावलेला.

"भाऊ, ह्यांना सांगा. हल्ली गिऱ्हाईक काय पैसे काढतंय काय? फोन दाखवतंय. आणि आमचा फोन बोलतो, मी जुना झालो, अपडेट केल्याशिवाय पैसे घेणार नाय. बंद पडलं ते अ‍ॅप. आता पौर्णिमेनंतर मासळी आली की मी काय करू, पाटीवर बसून भजन म्हणू?"

मी बोललो, "काका, मग करून टाकू ना अपडेट."

काकांनी फोन छातीशी धरला. "यात माजा दर्या हाय."

पहिल्यांदा मला वाटलं फोटो असतील. फोटो नव्हते. काकांच्या फोनमध्ये एक जुनं अ‍ॅप होतं, होडी समुद्रात कुठे आहे ते आकड्यांत सांगणारं. जिथे मासळी लागते, जिथे खडक आहे, तिथली जागा त्यात नाव देऊन ठेवता येते. काकांनी आयुष्यभराच्या जागा त्यात ठेवल्या होत्या.

"आधी कशा लक्षात ठेवायचात?" मी विचारलं.

"डोंगरावरून," काका बोलले. "हा डोंगर त्या देवळाच्या मागं आला, आणि तो डोंगर त्या झाडाच्या वर दिसला, की जागा आली. बापानं मना तसंच शिकवलं. आता एक डोंगर कापून नेला. दगडासाठी. खाणीत गेला पुरा. तो कापत होते तवा मी घाईघाईनं एकेक जागी जाऊन फोनमधी घातल्या. आता डोंगर नाय. फोन हाय."



मी ते अ‍ॅप बघितलं. बनवणाऱ्याने कधीच सोडून दिलेलं. आता नवीन मिळतच नाय. मला माझ्या कामाची पद्धत आहे. दुकानात मागे एक फळी आहे, त्यावर लोकांनी सोडून दिलेले फोन. वनिता तिला स्मशान बोलते. कुठलंही अपडेट आधी तिथल्या त्याच मॉडेलच्या भावंडावर करून बघायचं, मग गिऱ्हाईकाच्या फोनवर. काकांच्या फोनचं भावंड सापडलं. काकांच्या फोनमधलं नुसतं अ‍ॅप, जागा नाय, त्यावर पाठवलं आणि अपडेट केलं. जुन्या अ‍ॅपने एकदा डोळा उघडला आणि मिटला. खलास.

"बघा," काका सुनेला बोलले.

मी बोललो, "काका, मग जुना फोन होडीवर राहू दे, आणि पैशांसाठी दुसरा घ्या."

"दोन नकोत. होडीवर बी मीच, बाजारात सुनेच्या बाजूला बी मीच. एक फोन असला की माजी नजर त्याच्यावर असते. दोन असले की एक घरात राहतो. घरात राहिला की माजा भाऊ बघतो."

इथे मला कळलं की गोष्ट साधी नाय. तांडेल जागा कोणाला दाखवत नाय. सख्ख्या भावाला पण नाय. होडीवरचा खलाशी जवळ आला तरी फोन उलटा करतो. स्वतःचा मुलगा महेश, सुनीताचा नवरा, रोज त्याच होडीवर असतो, त्याला पण जागा आली की कळते, आधी नाय.

तरी माझ्याकडे उपाय होता. त्या जुन्या अ‍ॅपमधून सगळ्या जागा एका फाइलीत बाहेर काढता येत होत्या, आणि एका नव्या अ‍ॅपमध्ये ती फाइल घालता येत होती. स्मशानातल्या दुसऱ्या फोनवर मी पनवेलच्या चार जागा घालून करून पण बघितलं, एसटी स्टँड, माझं दुकान, वडापाव, घर. सगळं जसंच्या तसं आलं. मी छाती पुढे काढली. "काका, एक जागा इकडची तिकडे होणार नाय. माझी गॅरंटी."

"आणि त्या करताना तुला दिसतील?"

"दिसतील थोड्या."

"मग नको."

शेवटी तोड अशी निघाली. काकांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि फोनवर टाकला. मी पंच्याच्या आत हात घालून काम करायचं, तेही मान दुसरीकडे करून. मी सांगायचं, "काका, आता खालचं बटण." काका पंचा वर करून बघायचे, "कुठलं, निळं?" "निळं." टक. लोकांनी बघितलं असतं तर वाटलं असतं मी सापाच्या पेटीत हात घालतोय. सुनीता हसून हसून भिंतीला टेकली. बाजूच्या चहावाल्याने विचारलं पण, "काय रे, जादूचे प्रयोग चालू केलेस का?"

फाइल बाहेर आली. फोन अपडेट केला. नवं अ‍ॅप घातलं. फाइल त्यात घातली. काकांनी पंच्यात डोकं घालून बघितलं. "हायत. सासू हाय, मेहुणी हाय, थोरला साडू हाय." नावं त्यांनी अशीच दिली होती, म्हणजे कोणी चोरून बघितलं तर वाटावं घरातली माणसं आहेत. सुनीताचं पैशांचं अ‍ॅप चालू झालं. तिने तिथेच चहावाल्याकडून चहा घेऊन पैसे दिले. सगळे खूश. मी तर इतका खूश की संध्याकाळी वनिताला दोनदा तीच गोष्ट सांगितली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी काका परत आले. एकटेच. चेहरा उतरलेला.

"माजा दर्या बदललास तू."

"काय झालं?"

"नावं हायत. आकडे नाय. आत सगळे येगलेच आकडे हायत."

"दाखवा."

"नाय दाखवणार."

आता बोला. दुखतंय कुठे तर दाखवणार नाय, आणि औषध पाहिजे. मी परत परत सांगितलं, काका, जागा त्याच, आकडे लिहायची पद्धत वेगळी असेल. काका बोलले, "आकडा म्हणजे आकडा." त्यांची सगळी भीती मला दिसत होती. डोंगर गेला, आता फोन गेला, आणि परवा होडी सुटणार. चुकीच्या जागी जाळं टाकलं आणि खाली खडक निघाला, तर जाळं फाटणार, हंगामाची सुरुवातच तशी.

तेव्हा माझ्या तोंडातून निघून गेलं. माझ्या तोंडाला पण अपडेटची गरज आहे. मी बोललो, "काका, मला होडीवर घ्या. नव्या अ‍ॅपमध्ये नकाशा दिसतो, त्यात टिंब दिसतं. त्या टिंबावर मी तुम्हाला नेतो. चुकलं तर मला तिथेच सोडा."

काकांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं. "पोहता येतं?"

"नाय."

"मग सोडायचा तरास नाय," ते बोलले. "परवा सकाळी ये."

आम्ही आगरी. आमच्या घरात भातशेती आणि मिठागर. समुद्राशी आमचा संबंध एवढाच की आम्ही त्याचं पाणी वाळवून मीठ करायचो. होडीत मी लहानपणी एकदा बसलो होतो, तीही किनाऱ्यावर उलटी पडलेली. वनिताने निघताना डब्यात भाकरी दिली. मी बोललो, जास्त दे. ती बोलली, "वाया जाईल." तिला आधीच माहीत होतं.

होडीत आम्ही तिघं. काका, महेश आणि मी. आदल्या दिवशी काकांनी दर्याला नारळ दिला होता, आज मला देत होते. खाडीच्या बाहेर पडलो आणि होडी अशी काही हलायला लागली, की माझ्या पोटातली भाकरी परत वनिताकडे जायला निघाली. महेश बोलला, "भाऊ, लांब बघा, लाटेकडे नको." मी लांब बघितलं. लांबचं पण हलत होतं.

तरी मी काम सोडलं नाय. एका हातात फोन, त्यावर आमच्या होडीचा बाण, आणि पुढे 'सासू' लिहिलेलं टिंब. फोन हातात घेऊन मी ओरडत होतो, "डावीकडे. अजून डावीकडे. थोडं सरळ." मध्येच थांबून बाहेर वाकायचो, परत ओरडायचो, "सरळ!"  काका फक्त माझ्याकडे बघत होते, आणि ते बघणं मला चांगलं वाटत नव्हतं.

बाण टिंबावर आला. मी बोललो, "ही बघा. सासू."

काकांनी इंजिन बंद करायला सांगितलं. एक दोरी काढली, तिच्या टोकाला शिशाचं वजन, वजनाच्या बुडाला साबण चोपडलेला. खाली काय आहे ते साबणाला चिकटून वर येतं. दोरी सोडली. सोडत गेले, आणि टक. दोरी हातात थांबली. वर काढली. साबणाला काही नाय, फक्त खरवडल्याची खूण.

"खडक," महेश बोलला. "आप्पा, इथं जाळं टाकलं असतं तर गेलं होतं."

मी होडीच्या तळाला बसलो. खरंच सांगतो, तेव्हा उलटीची पण आठवण राहिली नाय. एका माणसाचा डोंगर खाणीत गेला होता आणि उरलेला दर्या मी पंच्याखाली हात घालून घालवला होता. मी बोललो, "काका, माझी चूक झाली."

आणि काका हसायला लागले. असे हसले की दात दिसले, जे थोडे होते ते. "बरोबर हाय," ते बोलले. "एकदम बरोबर हाय!"

मला वाटलं, गेले काका. धक्का बसला.

"महेश, तू पुढं जा. नांगर बघ जा."

"नांगराला काय झालं?"

"जा बोलतो ना."

महेश गेला. काका माझ्याजवळ बसले, पंचा माझ्या डोक्यावर टाकला, स्वतःचं डोकं पण आत घातलं, आणि त्या पंच्यात मला ते सांगितलं जे त्यांनी सख्ख्या भावाला सांगितलं नव्हतं.

त्यांच्या बापाने त्यांना शिकवलं होतं, जागा कोणी विचारली तर नाय बोलू नको, सांग. पण एक डोंगर चुकवून सांग. म्हणजे तो माणूस दुखावणार नाय आणि जागेवर पण पोचणार नाय. काकांनी फोनला पण तेच केलं होतं. फोनमध्ये सगळ्या जागा चुकवून घातल्या होत्या. प्रत्येक आकड्यात ठरलेली भर, तीच सगळीकडे, काकांच्या डोक्यात. आणि भर अशी निवडलेली की कोणी 'सासू' चोरली तर चोराचं जाळं नेमकं ह्याच खडकावर यावं. माझ्या टिंबाने आम्हाला बरोबर चोराच्या जागेवर आणलं होतं. म्हणजे एक जागा पण हलली नव्हती.

गेली किती वर्षं लोक माझ्याकडे फोन आणतात. बायकोपासून फोन लपवणारे बघितले, बापापासून लपवणारे बघितले. फोनशीच खोटं बोलणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

"मग अडचण काय आहे?" मी विचारलं.

"भर आकड्यात घालायची असते. आकडेच येगले, तर घालू कशात?"

आता समजलं. जुनं अ‍ॅप आकडे एका पद्धतीने दाखवायचं, नवं दुसऱ्या पद्धतीने. जागा तीच, पण काकांची भर जुन्या पद्धतीतच बसत होती. म्हणजे नव्या अ‍ॅपला सांगायचं होतं, आकडे जुन्यासारखे दाखव. असं बटण असतंच. कुठे असतं ते मला माहीत नव्हतं, कारण ते इंग्रजीत होतं आणि ह्या इंग्रजीची चाल मी कधी बघितली नव्हती.

रेंज होती, एक काडी. मी माझ्या फोनवरून वनिताला फोन लावला. ती दुकानात होती.

"स्मशानातला तो फोन घे. त्यात ते नकाशाचं अ‍ॅप आहे, मी घातलेलं. त्यात आकडे लिहायची पद्धत बदलायची आहे. कुठे असेल बघ."

"कुठं हाव तुमी? असा काय आवाज?"

"थांब." मी बाहेर वाकलो. परत आलो. "हां, बोल."

"बरं वाटतंय का?"

"तू बटण बघ गं."

ती शोधत होती, आणि मी फोन कानाला लावून दोनदा वाकलो. समुद्रात बसून बायकोशी बोलताना कुठला माणूस अब्रू राखू शकतो? शेवटी ती बोलली, "दातेरी चाक दाबा. खाली जा. तिसरी ओळ. तिथं आकड्यांचे तीन नमुने हायत. त्यातला मधला बघा."

मी मधला दाबला. फोन काकांकडे दिला आणि स्वतः मान फिरवली, पंच्याची गरजच नव्हती.  मागून काका हळू आवाजात बोलले, "आयला. आयले माजे आकडे."

त्यांनी ओठ हलवून हिशोब केला. महेशला बोलावून इंजिन सुरू केलं. थोडं पुढे, थोडं खाडीच्या बाजूला. थांबले. दोरी सोडली. ह्या वेळी टक नाय. दोरी गेली, आणि गेली, आणि मऊ थांबली. वर काढली तेव्हा साबणाला करडा गाळ. काकांनी तो बोटाने घेतला, हुंगला आणि माझ्या नाकापुढे धरला. मी पुन्हा बाहेर वाकलो.

"सासू भेटली," काका बोलले. "टाक रं जाळं."

काय मासळी लागली ते मला विचारू नका, मी डोळे मिटून पडलो होतो. परत येताना पोट जरा बसलं तेव्हा मी काकांना हळूच विचारलं, "महेशला सांगणार का कधी?"

"सांगीन. आधी दोरी धरायला शिकू दे. हाताला गाळ कळत नाय तोवर आकडा घेऊन काय करील? तुज्यासारका टिंबावर जाऊन बसेल." मग दोरी गुंडाळत बोलले, "ह्या वर्षी शिकवतो त्याला."

मला तेव्हा वाटलं, मी इतकी वर्षं लोकांना विचारत होतो, फोनमध्ये असं काय आहे जे दुसरीकडे नाय? काकांच्या फोनमध्ये अर्धंच होतं. उरलेलं अर्धं त्यांच्या डोक्यात, आणि त्याचा बॅकअप घ्यायची फाइल माझ्याकडे नाय. ती महेशला दोरी धरूनच घ्यावी लागणार. म्हणजे माझा धंदा पण अर्ध्याचाच.

हे छापायचं ठरलं तेव्हा मी काकांना विचारून आलो. ते बोलले, "छाप. कळू दे सगल्यांना. माजा फोन चोरला तर जाळं खडकात जाईल." भर किती ते मी सांगणार नाय. आणि मला आता आठवत पण नाय, कारण पंच्यात घुसून ते सांगत होते तेव्हा मी अर्धा बेशुद्ध होतो.

पण त्या दिवशी करंज्याहून पनवेलला आलो, दुकानात शिरलो, तेव्हा माझी छाती एवढी पुढे होती की काउंटरमधून आत जाताना आडवी आली. काकांनी केळीच्या पानात बांधलेली दोन पापलेटं दिली होती, ती वनितापुढे ठेवली.

"वनिता," मी बोललो, "आज मला काय मिळालं माहीत आहे? त्या माणसाने सख्ख्या भावाला नाय सांगितलं, मुलाला नाय सांगितलं. मला सांगितलं. एवढ्या सगळ्या माणसांमध्ये माझ्यावर विश्वास ठेवला. का ठेवला असेल?"

वनिता पापलेटं उलटी-सुलटी करून बघत होती. मान वर न करता बोलली, "का म्हणजे? मी इकडून फोनवर ऐकत होते, ते तर समोर बसून बघत होते. तुमी काय परत होडीत चढाल होय चोरी करायला?"